वन्संच्या भावाबरोबर सहल

माल्टाहोहे,
१४ ऑगस्ट २००६

ती. ओटिली वन्संना,
एल्फ्रीदाचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? कीटमन्सहूपला यंदा थंडीने कहर केला म्हणे. शेळ्यांची पिल्लं वाचली असतील अशी आशा करते. आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे हातपाय जागेवर आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो वन्सं" म्हणते, त्यापलीकडे आपली गाडी जात नाही. म्हणून लिहायला बसले.

ही सहल कशासाठी होती ते तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षभर वॉल्विस बेला त्या बाईच्या घरी राहून तुमचा भाऊ जूनमध्ये माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला आत घेतलं नाही, हाकललंही नाही. म्हटलं, आधी चार दिवस बरोबर फिरून बघू, मग ठरवीन घरात घ्यायचं की नाही.

तर साहेबांनी विंडहूकहून गाडी भाड्याने आणली. छपरावर तंबू, मागे गॅसची शेगडी, घडीच्या खुर्च्या. अगदी जर्मन पाहुणे आणतात तशी! डोक्यावर खाकी टोपी, मांडीवर नकाशा. वन्सं, ज्या रस्त्याने हा लहानपणी गाढवगाडीतून आजोळी जायचा, त्या रस्त्यावर हा माणूस नकाशा उघडतो. मारिएन्टालच्या पेट्रोल पंपावर एकाने त्याला इंग्रजीत विचारलं, "कुठल्या देशाचे?" मला हसू आवरेना. तुमचा भाऊ मात्र खूश झाला.

पहिल्या दिवशी मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी त्याने निखाऱ्यावर पाव भाजले. बाहेरून कोळसा, आतून पीठ. तरी मी खाल्ले, वर चांगले झालेत असंही म्हणाले. रात्री तंबूत पडल्या पडल्या वाटलं, एवढी धडपड करतोय, म्हणजे माझ्यासाठी आला असेल. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगायची तर बिलकुल इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी खडीचा रस्ता लागला. म्हटलं, चाकांतली हवा थोडी कमी कर. म्हणाला, "तुला गाडीतलं काय कळतं?" दुपारपर्यंत मागचं चाक बसलं. मी जॅक लावला, मी चाक बदललं आणि हा महाशय सावलीत उभा राहून "सांभाळून हं" म्हणत होता.

पण पत्र त्यासाठी नाही. पुढे शेतांची फाटकं लागली. शेजारी बसलेल्याने उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी पलीकडे गेली की लावून पुन्हा बसायचं. सकाळपासून मी तेच करत होते, धुळीने पांढरी झाले होते. एका फाटकाशी मी साखळी अडकवते आहे तोवर गाडी निघाली. मला वाटलं, थोडी पुढे घेतोय. कसलं काय! वळणाआड गेलीसुद्धा.

पाणी गाडीत, पर्स गाडीत. मी एका दगडावर बसले. बऱ्याच वेळाने एक म्हातारी गाढवगाडी हाकत आली. आधी माझी ख्यालीखुशाली, मग माझ्या आईची, मग पावसाची चौकशी झाली. मग म्हणाली,

"नवरा गेला काय गं?"

"गेला."

"येईल?"

"काय सांगू, आजी. एकदा गेला होता तेव्हा वर्ष लावलं."

म्हातारी इतकी हसली की तिच्या तोंडातला पाइप खाली पडला. तिने मला पाणी दिलं आणि तो येईपर्यंत गाढवं थांबवून ठेवली.

आला एकदाचा. इतका वेळ म्हणे तो मला वाळूच्या टेकड्या लाल का दिसतात ते समजावत होता. रिकाम्या सीटला! मी नाही हे त्याला पुढचं फाटक लागलं तेव्हा कळलं, कारण ते उघडायला कुणी उतरेना.

खाली उतरला, चेहरा पडलेला. मला वाटलं, आता विचारेल, घाबरलीस का? तर पहिलं वाक्य काय, "ताईला सांगू नकोस हं. ताई जीव घेईल माझा."

वन्सं, आपल्या लोकांत बहिणीच्या शब्दापुढे भाऊ कसे वाकतात ते मीही बघतच मोठी झाले. आमच्या लग्नात तुम्ही नुसते डोळे वटारलेत तर याने भरला ग्लास खाली ठेवला होता. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. या वेळी मी सरळ विचारलं, "जूनमध्ये तुला ताईने पाठवलं?"

"मग? ताई म्हणाली, बायकोकडे परत जा. तिचा शब्द मोडू?" छाती फुगवून सांगितलं हो!

"आणि तुला स्वतःला काय वाटत होतं?"

त्याने विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग म्हणाला, "ताई काय चुकीचं सांगेल का?"

मी तिथेच रडले. म्हातारी बघत होती तरी रडले. त्या बाईकडे गेला तेव्हासुद्धा मला इतका कमीपणा वाटला नव्हता. तेव्हा निदान स्वतःच्या पायांनी गेला होता.

चाक दुरुस्त करायला आम्ही इथे थांबलोय. सकाळी मी त्याला सांगितलं, "माझ्या घरी येऊ नकोस. संपलं." तुमच्या भावाने काय विचारावं? "ताईला विचारलंस?"

म्हटलं, लिहिते. लगेच पेन काढून दिलं, पाकीट आणलं, तिकीट स्वतः चिकटवलं. आता बाहेर भांडी घासतोय. त्याला वाटतंय मी तुमची परवानगी मागते आहे, आणि टपालात पत्रही तोच टाकणार आहे. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

माझी मावसबहीण दुपारी मारिएन्टालला ट्रक नेते, मी त्यातून जाते. गाडी, तंबू, नकाशा सगळं त्याच्यापाशी ठेवते. तो इथेच बसून राहील, कारण पुढे काय करायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. तेवढं तुम्ही सांगा. तुमच्याच घरी बोलवा, वन्सं. तुमचा शब्द तो मोडणार नाही.

आजपासून तुमची कुणी नाही,
एल्फ्रीदा स्वार्टबॉय
(हे माझं माहेरचं आडनाव. तुम्ही विसरला असाल.)