चाकांवरची करवत

११ एप्रिल १९८६, निलंगा

वाटणी झाली म्हणे! मला विचारलं कुणी? ओसरीवर पाच पुरुष बसलेले, मी आत चहा करत होते.

ह्यांना जाऊन अजून वर्ष झालं नाही. वेल्डिंगचं दुकान सिद्धेश्वर भावजींचं, घर भावजींचं, सासूबाई — आमच्या अत्याबाई — भावजींकडं राहणार. आणि मी? "वहिनीला दोन टाईम भाकरी काय जड हाय का आमाला!" भावजी म्हणाले. दिराच्या चुलीवर जन्मभर हांजी हांजी करत! मी दारात येऊन उभी राहिले. म्हणलं, करवतीचं मशीन तेवढं मला द्या. नऊ वर्षं ह्यांच्या बरोबरीनं लोखंड कापलंय. लातूर जिल्हा झाल्यापासून तिथं हापिसावर हापिसं उठायला लागलीत, खिडक्या-जाळ्यांना माणूस पुरत नाही. मी जाईन तिकडं.

भावजी हसले. त्यांना मशीन पाहिजे बोअरचे पाईप कापायला. दुष्काळात जो तो बोअर मारतोय, त्यांची चांदी.

ह्यांच्या चुलत्यांनी, गुरुपादप्पा काकांनी, निवाडा दिला — "फरशीला बोल्ट मारलेलं ते दुकानाचं. हलतं ते तुझं, रुद्राणी." म्हणजे माझ्या वाट्याला घण, दोन कानशी आणि एक स्टूल! तीन मेला काका मोजणीला येणार, मग कागदावर सह्या.

अत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. नजर भावजींवरच. धाकटा लेक लाडका, दुसरं काय!

१२ एप्रिल

हलतं ते माझं. बरं. मग हलवू.

१४ एप्रिल

भीमजयंती. आमचा वेल्डर लिंबाजी सुट्टीवर, दुकान बंद. भावजी उदगीरला. मागच्या दारानं आत गेले. बोल्टांवर रॉकेल ओतलं, पाना लावला, पायानं दाबलं. तीन सुटले. चौथा हरामखोर गंजून बसलेला — हातकरवतीनं कापत बसले. तळहाताची साल गेली. नट परत जागेवर नुसते ठेवून दिले. लांबून बघणाऱ्याला कळायचं नाही.

पण तीन क्विंटलचं धूड माझ्यानं थोडंच ढकलवतं! गाडा पाहिजे.

१६ एप्रिल

घरामागं लोखंडी अँगल कापताना भावजींनी बघितलं. "हे काय आनिक?" म्हणलं, पाण्याचे पिंप आणायचा गाडा. टँकर वेशीपर्यंतच येतोय, डोक्यावर किती वाहू? "चांगलं हाय की," म्हणाले. खोटं बोलले मी, आणि परत कापायला लागले.

लिंबाजीला मात्र सगळं सांगितलं. त्याचा पगार आता भावजींच्या हातात. त्यानं अँगलची रुंदी बोटांनी मापली. मग म्हणाला, "अक्का, म्या काई बघितलं न्हाई. पर दीड इंची अँगल घेऊ नगा, वाकंल. दोन इंची घ्या."

२२ एप्रिल

गाडा झाला! चारी चाकं भंगारातल्या जीपची. वेल्डिंग सगळं माझ्या हातचं. डोळे सुजलेत, बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले.

भरलेले दोन पिंप वेशीपासून घरापर्यंत आणले — थेंब सांडला नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, आमाला बी दे की! दोघींना दिला. नाही कसं म्हणायचं?

२७ एप्रिल

गाडा कलंडला. लिंबाजीचा पाय गेला असता.

दुपारी भावजी जेवायला गेले तसं आम्ही अंदाज घ्यायला पहारी घालून मशीन गाड्यावर सरकवलं. दोन हात ढकललं नाही तर मोटारीकडची बाजू खाली! लिंबाजीनं उडी मारली. मी ओरडले, मग तोंडात पदर कोंबला.

चूक माझी. पाण्यावर वजन बघितलं मी. पिंप मधोमध बसतो, भार सगळीकडं सारखा. मशीनचा सगळा भार मोटारीकडं — नऊ वर्षं त्याच्यापाशी उभी राहून एवढं कळू नये? हे असते तर आधी हसले असते आणि मग शिकवलं असतं. आज लई रडले.

मशीन कसंबसं जागेवर ठेवलं. सहा दिवस उरले.

२९ एप्रिल

मोटारीकडची चाकं वीतभर बाहेर घेतली. खालून आडवा लोखंडी चॅनेल टाकला. टँकर आला नाही, एका कळशीत दिवस.

३ मे

काका आले. भावजींनी मशीनवर थाप मारली — "ह्ये फरशीला बोल्टानं. दुकानाचं." मी चारी नट उचलले आणि काकांच्या हातावर ठेवले. गाडा आत आणला. पहार एकटीनं घातली, मशीन हललं ते चार इंचच. तेवढ्यात लिंबाजी पुढं आला — भावजींसमोर! दोघांनी मिळून शटरच्या बाहेर रस्त्यावर नेलं. नाही कलंडलं.

भावजी काकांवर ओरडले. काकांनी कपाळाचा घाम पुसला, विभूती पुसली गेली तरी कळलं नाही त्यांना. म्हणाले, "बोललो ते बोललो."

मग भावजी लिंबाजीकडं वळले. "उद्यापासून येऊ नको." माझ्यापायी त्याची रोजी गेली. तो म्हणतो, "असू द्या अक्का, मला बी लातूर बघायचंच व्हतं."

निघताना अत्याबाईंच्या पाया पडले. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. डोक्यावर हातसुद्धा ठेवला नाही. नऊ वर्षं ह्या बाईच्या पायाला तेल चोळलं मी! संपलं. माझी कुणी नाही ती.

११ मे, लातूर

टेम्पोत घालून गाडा आणला, पत्र्याची खोली मिळाली. गाडा घेऊन बांधकामावर जातो, मी कापते, लिंबाजी जोडतो. करवत तापू नये म्हणून वर सोडायला अंघोळीचं पाणी धरून ठेवते. लोक हसतात, हसू देत.

काम आहे. पण जेवायला बसलं की घास तोंडात फिरतो. सांगायला कुणी नाही. मीठ कमी पडलं म्हणायलाही कुणी नाही!

१९ मे

दुपारच्या निलंगा गाडीनं अत्याबाई आल्या. एकट्या. काखेत बोचकं, हातात पाण्याची कळशी, कळशीच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

मी म्हणलं, भावजींना विचारलं का?

"इचारलं न्हाई, सांगितलं," म्हणाल्या. "थोरल्या लेकाच्या घरी चालले म्हून."