काशिरामच्या बोटांवरचे फोड

पनवेल, ९ जानेवारी १९९३

चि. आभास अविनाशदादाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या गोठ्यात दूध काढणाऱ्या काशिरामला देवी आल्या! बोटांवर, मनगटावर टपोरे फोड. मी त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. तळोज्याला खोलीवाल्यानंही त्याचं सामान रस्त्यावर टाकलं म्हणे. तू पुण्याला विषाणूंच्याच प्रयोगशाळेत, तेव्हा गोठ्यात काय शिंपडावं ते कळव. दिवाळीनंतर घेतलेल्या दोन म्हशींच्या सडांवर थोडे फोड आहेत, पण दूध देतात. बाकी क्षेम. आमच्या मोनालीच्या आत्याबाईंना संक्रांतीला तरी सवड होईल का?

तुझा दादा

पुणे, १३ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

म्हशींचं पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस. माणसांतली देवी देशातून जाऊन अठरा वर्षं झाली. हा म्हशींचा रोग, देवीच्याच जातीच्या विषाणूचा. काशिरामनं तो कुठून आणला नाही. तुझ्या म्हशी पिळताना त्याच्या भेगाळलेल्या बोटांत शिरला. असे विषाणू जनावरा-जनावरांतून जाताना बदलत राहतात, कधी माणसातही रुजतात. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात त्यांना नेतो मात्र आपण. त्या दोघी वेगळ्या बांध. विकू नकोस. फोडांच्या खपल्या तपासायला पाठव. मोनालीला गोठ्यात सोडू नकोस. देवीची लस बंद झाल्यावर जन्मलेली पोर ती. आणि काशिरामला डॉक्टरकडे ने. मला तुझी लाज वाटते.

लोभ आहे, म्हणूनच इतकं लिहिलं.

आभा

पनवेल, २१ जानेवारी

प्रिय आभावन्सं, स. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी फाडलं. मी तुकडे जुळवून वाचलं. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी त्या दोन्ही म्हशी कोन गावच्या गुरुदत्तांना विकल्या. फोडांबद्दल अक्षर काढलं नाही. मोनाली त्यातल्या एकीच्या रेडकाच्या गळ्यात पडून बसायची. परवा तिच्या गालावर तीन फोड उठले, ताप आला. डॉक्टर म्हणाले, जिवाला भीती नाही, पण व्रण राहतील. मी ह्यांना विचारलं, हिचंही सामान रस्त्यावर टाकायचं का? तेव्हापासून ह्यांना अन्न गोड लागत नाही. लागूही नये. मागे राहिलेल्या त्या रेडकाच्या तोंडावरच्या खपल्या बाटलीत घालून भावाबरोबर पाठवतेय.

तुमची, आशालता

पनवेल, ६ फेब्रुवारी

चि. आभास आशीर्वाद.

तपासणीचा कागद मिळाला. मोनालीचा ताप उतरला. गुरुदत्तांना खरं सांगून म्हशी परत आणल्या. त्यांच्या तीन जनावरांना आधीच फोड आलेत. त्यांनी मला ओट्यावरही चढू दिलं नाही.

मग काशिरामकडे गेलो. आता नवरा-बायको तळोज्याच्या पलीकडे झोपडीत राहतात. तो पाठ करून बसला. कागद पुढे करून कामावर ये म्हटलं, तर त्याची बायको शांती म्हणाली, आमी नाय येणार. दुकानदार अजून दारात उभं करत नाय, तुमचा कागद कोण वाचणार? तुमीच गल्लीत सांगा.

सांगितलं. रोग माझ्या म्हशींचा, माझ्या गोठ्यातला, काशिरामचा दोष नाही. वाटलं, सुटलो.

शांती म्हणाली, मागच्या घरांना ऐकू गेलं नाय. पुन्हा सांगा.

पुन्हा सांगितलं.

राग ठेव, पण पत्र पाठव.

अविनाश