मशीनवरची चादर

बाबा, तुमची आठवण आली की मला आधी किळस येते, मग तुमचा चेहरा आठवतो. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आता स्पष्ट लिहायला हरकत नाही. कंपनी बंद पडली आणि तुम्ही नोएडातल्या आपल्या दोन खोल्यांत पेपर वाचत बसलात. आई शिवणाच्या मशीनवर बसली. एक्स्पोर्टवाल्यांचा माणूस कापलेल्या कापडाचं गाठोडं टाकून जायचा, "भाभीजी, शाम तक चाहिए," आणि ती परदेशी बायकांचे ब्लाउज शिवत राहायची. माझी फी, घराचे हप्ते, तुमच्या सिगारेटी, सगळं त्यातूनच. तरी "घर मी चालवतो" असं तुम्हीच म्हणायचात, तेही तिच्याकडे चहा मागताना.

संक्रांतीचं ते हळदीकुंकू आठवतं? करोल बागेतून मराठी मंडळाच्या बायका येणार म्हणून तुम्ही सकाळीच गाठोडी दिवाणाखाली ढकलता, मशीनवर फुलाफुलांची चादर टाकता आणि वर हळदीकुंकवाचं तबक ठेवता. अशा वेळी पुरुष बाहेर जातात. तुम्ही मात्र दारात पहाऱ्यालाच उभे. आदल्या दिवशी मशीनची सुई आईच्या बोटात घुसलेली, चिंधी बांधलेली. एक काकू विचारतात, "बोटाला काय झालं हो?" आईनं तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणता, "विळी लागली. घरीच असते ना, दुसरं काम काय तिला!" सगळ्या हसतात. आईसुद्धा हसते. तिळगूळ वाटत होते मी, चौदा वर्षांची. तुमच्या हातावर वडी ठेवली, पण 'गोड बोला' काही तोंडातून निघेना. "तोंड वाकडं करू नकोस," असं दरडावलंत तुम्ही.

आता आई गुडगावला माझ्याकडे असते. माझी मुलगी सांभाळते, स्वयंपाक करते, म्हणून मी दहा-दहा तास ऑफिसात बसू शकते. शिवाय मशीन आहेच, सोसायटीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावते. परवा माझे बॉस जेवायला आले. बेल वाजली तशी कुणी न सांगता तिनं मशीनवर चादर टाकली. जेवताना त्यांनी विचारलं, "आंटीजी क्या करती हैं?"

"कुछ नहीं सर, बस आराम," मी म्हणाले. आई गरम पुऱ्या घेऊन मागेच उभी होती. ती हसली, तशीच.

हे पत्र फाडून टाकणार आहे. पण बाबा, परवा दार उघडायच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. चादर एका बाजूनं लोंबत होती, मशीनचं चाक दिसत होतं. ती मी ओढून सरळ केली.