खंडेनवमीचा कॉम्प्युटर

अण्णा,

तुमचा कॉम्प्युटर आज मी मोडला होता. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. आष्टीच्या घरात तो अजून तिथंच आहे, खिडकीजवळच्या टेबलावर, आईनं विणलेल्या रुमालाखाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण दुपारची भांडी आवरली की आई त्याच्यासमोर बसते आणि पत्ते खेळते. तुम्हीच शिकवलं होतं तिला. माउसवर तिचा हात, त्यावर तुमचा हात, आणि आम्ही पोरं दारातून बघतोय हे कळल्यावर ती असली लाजली की आठवडाभर त्या खोलीत फिरकली नाही. आता मोबाइलवर तेच पत्ते देते म्हटलं तर म्हणते, "मला न्हाई जमत त्या टीचभर काचेवर. हेच बरंय माझं."

बरं होतं, पण सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की ती बटण दाबून चहा ठेवायची आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावर काही नाही. मला बघवेना. म्हणून या खेपेला जालन्याहून येताना मेमरीची नवी पट्टी घेऊन आले. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवरच बसते, त्यात काय अवघड, असा माझा तोरा. जुनी पट्टी निघेना म्हणून जोर लावला, तर तिला धरून ठेवणारा खटकाच तुटून हातात आला. राहिली शेजारची दुसरी खाच, कधीच न वापरलेली. नवी पट्टी तिच्यात बसवली, बटण दाबलं, तर आतून लांब लांब शिट्ट्या आणि पडदा काळा. आई मागं उभीच. "चांगलं चालू व्हतं की. कोण सांगितल्तं तुला उघडायला?" भावाला फोन केला तर तो म्हणाला, "देऊन टाक भंगारात, मी नवा घेऊन देतो तिला." फोन स्पीकरवर होता. आईनं ऐकलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छच असलेले डबे पुसत बसली. ते मला फार लागलं.

मंग मी तुमच्यासारखंच केलं. पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासलं, फुंकर मारली, परत बसवली. शिट्टी. पुन्हा घासलं, पुन्हा शिट्टी. शेवटी टॉर्च धरून खाचेत बघितलं, तर तळाशी तांदळाची एक कणी, कुंकवानं अजून लालसर.

आणि मला ती खंडेनवमी दिसायला लागते. पाटावर विळा आहे, अडकित्ता आहे, नांगराचा फाळ आहे, आणि शेजारच्या पाटावर आडवा निजवलेला कॉम्प्युटर, एका बाजूचं झाकण काढून. तुम्ही म्हणताय, "पूजा आतल्या मशीनची करायची. काम ते करतं, वरचा डबा न्हाई." आणि चिमूटभर अक्षता सरळ आत टाकताय. आई आरतीचं ताट धरून चिडलीय. "अहो, एखादा तांदूळ अडकला म्हंजी बसाल डोक्याला हात लावून." तुम्ही हसताय. "बिलकुल अडकत न्हाई. बराबर झटकून काढतो मी." दर वर्षी हेच भांडण, आणि दर वर्षी तुम्ही रंगाचा ब्रश घेऊन दाणे झटकायला बसणार. अण्णा, एक राहिली.

सुईनं कणी काढली. पट्टी बसली, खटके लागले, आणि चहाचं आधण ठेवायच्या आत पत्ते पडद्यावर. आई पदराला हात पुसत आली. "काय झाल्तं?" मी म्हटलं, "धूळ होती." "नुसती धूळ?" "हो." तिनं जरा वेळ माझ्याकडं बघितलं, मंग खेळायला बसली. मला वाटलं, तुमची बाजू राखली. इतक्या वर्षांनी तुम्हाला बोलणी कशाला बसू द्यायची.

आता ती शेजारी गेलीय म्हणून मला कॉम्प्युटर मिळाला आणि त्याच्यावरच हे लिहून राह्यले. पण तिचं ते "नुसती धूळ?" डोक्यातून जात नाही. तिला तांदूळच हवा होता, अण्णा. तुम्ही गेल्यापासून तुमच्यावर चिडायला तिला काहीच मिळालेलं नाही, आणि आज मिळत होतं ते मी लपवलं. कणी माझ्या ओढणीच्या टोकाला बांधून ठेवलीय. हे पत्र पाठवायचं कुठं, म्हणून जतनही करत नाही. फाटक वाजलं, ती आली. जाते आणि तिच्या हातावर कणी ठेवते. तुम्ही बोलणी खायला तयार राहा.