मलमावरचं बोट

४ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. आप्पा गेले तरी दारावरच्या पाटीवरून त्यांच्या नावामागचा 'डॉक्टर' हा शब्द काढायला अजून कुणाचा हात धजत नाही.

एक सांगतो, हसू नकोस. आप्पा मलमाचा प्रत्येक घाणा निवला की त्यात बोट घालून स्वतःच्या मनगटावर चोळायचे आणि रात्र गेल्याशिवाय एकही डबी भरू द्यायचे नाहीत. आधी आपलं कातडं, मग लोकांचं, असं म्हणायचे. ते गेले आणि मी ती पद्धत मोडली. मागणी एवढी, मलम तेच, मग खोळंबायचं कशाला?

पण आता सकाळी कुलूप काढावं, तर कढईतल्या मलमावर बोट फिरल्याची खूण असते. टोकाला वाकडं, आप्पांचं दारात चेमटलेलं होतं तसंच बोट. किल्ली माझ्याच कमरेला असते. घोटणारे मामा ती खूण मुकाट्याने सारखी करतात. मला भीती वाटते गं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
टिल्लू

१२ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

दोरीवरच्या सदऱ्याला भूत समजून किंचाळणारा तू! उंदीर असेल. वाकड्या बोटाचा उंदीर मात्र मी पाहिलेला नाही. खरं सांगू? कपाट उघडलं की मलाही आप्पांचा कापराचा वास येतो, अगदी पाठीशी उभे असल्यासारखा.

लेकीच्या बाळाच्या मांड्या पुरळाने लालभडक झाल्यात. पोर रडून रडून अर्धं झालंय. डबी धाड. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

२० जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

सुटलो! नव्या व्यापाऱ्याच्या मेणाचा पहिला घाणा काढला आणि सकाळी बघतो तर मलम आरशासारखं, खूण नाही. मामांचा चेहरा पडला होता, पण म्हाताऱ्या माणसाचं काय! लगेच डब्या भरल्या. पहिली बाळासाठी याच पत्रासोबत.

तुझा हात डोक्यावर असू दे.
टिल्लू

२५ जानेवारी

टिल्लू,

लेकीने बाळाला मांडीवर घेऊन डबी उघडली होती. मी शेजारी तुझं पत्र वाचत होते. खूण नाही, हे वाचलं आणि डबी तिच्या हातून हिसकावली. मलम माझ्या मनगटावर चोळलं. सकाळी तिथे फोड होते.

अरे वेड्या, ज्या घाण्याला आप्पांनी हात लावला नाही, तो तू बाळाला पाठवलास? गेलेली प्रत्येक डबी परत आण. आणि तुला मनगट नाही का? त्या माणसाला मेल्यावर तरी विसावू दे.

बाळ सुखरूप आहे. रागावले आहे, तुटलेली नाही.
ताई

९ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

डब्या परत आल्या, एक फुटकी सोडून सगळ्या. ते मेण फेकलं. काल संध्याकाळी नवा घाणा निवल्यावर मी बोट घातलं, मनगटावर चोळलं आणि कुलूप लावलं.

सकाळी मनगट स्वच्छ होतं. मलमावर एकच खूण होती, सरळ बोटाची, माझी. बरं वाटायला हवं होतं. मी कढईपाशी बसून रडलो, ताई. मामांनी ती खूण आज सारखी केली नाही.

बाळाची डबी उद्या निघेल. माया असू दे.
टिल्लू