डाव्या कानातले खडे

ता. ४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ. (रागावलो असलो तरी आशीर्वादात काटछाट केलेली नाही.)

तुझं पत्र पोचलं. माझ्या भाचीच्या बटणांच्या दुकानाची काच मी रंगवायची नाही, कारण ‘पिऊन शिडीवर चढणारा माणूस’ तुला लेकीच्या दारात नको. वा! ज्या हाताने तुझा हात धरून पहिलं अक्षर काढून घेतलं, त्या हाताला हे प्रशस्तिपत्रक!

तुझ्या यजमानांनी त्या दिवशी सकाळी माझ्या घरी जे पाहिलं ते मी नाकारत नाही. पलंगावरून उठलो, भिंत धरून मोरीपर्यंत गेलो आणि ओकलो. पण मेहुणेबुवांनी माझं तोंड हुंगलं का? नाही. चहासुद्धा न घेता निघाले आणि घरी जाऊन निकाल दिला. कूस बदलली की माझी खोली भोवऱ्यासारखी फिरते आणि मिनिटभरात जागेवर येते. दारू अशी चढते-उतरते का, हे त्यांनाच विचार. पार्ट्यांचा अनुभव त्यांना आहे, मला नाही.

काचेच्या मागच्या बाजूने उलटी अक्षरं रंगवायची, म्हणजे समोरून सुलटी दिसतात, ही माझी विद्या. कोणी शिकवली नाही, मी शिकलो. आजवर एका वेलांटीची मान वाकडी गेलेली नाही. मी थेंबाला शिवलेलो नाही, आणि का शिवलो नाही ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

लोभ आहेच. विश्वास असावा, ही विनंती.
दादा


ता. ९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रातून तुझा आवाज शेजारणीलाही ऐकू गेला असेल. ह्यांनी तोंड हुंगलं नाही हे खरं. मेहुण्यांची तोंडं हुंगत फिरायची आमच्याकडे पद्धत नाही.

पण दादा, बाबाही भिंत धरूनच मोरीपर्यंत जायचे. आणि ‘थेंबाला शिवलेलो नाही’ हेही त्यांचंच वाक्य, अगदी ह्याच ठसक्यात. मी तेव्हा दर वेळी विश्वास ठेवला. आई मागे बादली घेऊन उभी असायची, ते तू विसरला असशील, मी नाही.

खोली फिरते ती कानामुळेही म्हणे, तर तू कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जा. त्या म्हणतील ते मी मान्य करीन. नाहीतर महिनाअखेरीस स्टिकरवाला येतोय. तुझी भाची गाल फुगवून बसली आहे. मामा नाही तर काच कोरी राहील, म्हणते. हट्टात तुझ्यावरच गेली आहे.

राग ठेव, पण जा.
तुझी धाकटी


ता. १४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मी कशाला जाऊ डॉक्टरकडे? वाचनालयातून कानावरचं पुस्तक आणलं आणि रोगाचा छडा लावला. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन वाकड्या नळ्या असतात. शेजारच्या पिशवीतले चुन्याचे बारीक खडे सुटून नळीत शिरले की मान जरा वळताच नस मेंदूला कळवते की डोकं गरगर फिरतंय. डोळे म्हणतात, कुठे काय फिरतंय! त्या भांडणात माणूस आडवा होतो. औषध नाही. डोकं ठरावीक क्रमाने वळवायचं, म्हणजे खडे आल्या वाटेने पिशवीत परत जातात. माझे खडे डाव्या कानात आहेत, कारण डाव्या कुशीवरच खोली फिरते.

आणि पुस्तक छापणाऱ्याचा निष्काळजीपणा बघ! डाव्या कानाचं चित्र, आणि त्यातल्या माणसाने डोकं नेमकं भलत्या बाजूला वळवलेलं. रोगी माणसं ह्या चित्रांच्या भरवशावर उपचार करतात, ह्यांना लाजा कशा वाटत नाहीत? मी पेन्सिलने सगळे बाण दुरुस्त केले आणि खाली शाईने सही ठोकली. तसाच व्यायाम रोज करतो. दुसऱ्या पायरीला छत असं गरगरतं की घाम फुटतो. म्हणजे गुण येतोय. सकाळी भिंत लागते, पण ते चालायचंच.

आणि स्टिकर? कोपरा सुटला की अक्षर येणाऱ्याजाणाऱ्याला जीभ काढून दाखवतं. लाव, हौसेने लाव.

लोभ आहे, थोडा घसरला आहे.
दादा


ता. १९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुण येतोय तर भिंत का लागते? तू म्हणतोस तसे खडे असतील तर शिडीवर मान वर केलीस की काय होईल, ते पुस्तकात दिलं नाही का? तू पिऊन पडलास काय नि न पिता पडलास काय, फरशी तीच.

आणखी एक. तुझं पत्र वाचल्यापासून मला चैन नाही. बाबाही कूस बदलताना पलंगाचा कठडा घट्ट धरायचे. त्यांच्याही कानात खडेच असतील का रे? आपण त्यांना उगाच बोल लावला का?

जाऊन ये. हात जोडते.
तुझी धाकटी


ता. २४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गेलो एकदाचा. बाईंनी मला टेबलावर बसवलं, मान डावीकडे वळवली आणि झटकन आडवं केलं. खोली फिरली. त्या माझे डोळे बघत होत्या; बुबुळं आपोआप झटके देतात म्हणे. कान डावाच, म्हणाल्या. दारूचा शब्द काढला नाही. बाहेरच्या बाईने न विचारावं आणि घरच्यांनी पत्र पाठवावं!

मग माझा व्यायाम करून दाखवायला सांगितला. दाखवला. म्हणाल्या, उत्तम करता, पण हा उजव्या कानाचा. मी छापखान्याची चूक सांगितली. त्यांनी कपाटातून त्यांचं पुस्तक काढलं. तेच चित्र, मी दुरुस्त करण्याआधी होते तसेच बाण. मी वाद घातला. तेव्हा त्यांनी माझा धंदा विचारला. सांगितला, तर पेन खाली ठेवून खळखळून हसल्या. हसण्यासारखं काय आहे? उभा जन्म समोरचं उलटवून रंगवणाऱ्या माणसाने चित्रही काचेच्या मागून वाचलं, इतकंच.

त्यांनी डोकं योग्य बाजूने फिरवलं, दोनदा. उठून बसलो तर भिंत जागच्या जागी. खडे पुन्हा सुटू शकतात. काही दिवस शिडी बंद. त्यांची चिठ्ठी सोबत आहे. मेहुणेबुवांना मोठ्याने वाचून दाखव.

बाबांचं विचारलंस. खडे होते की नाही, कोण सांगणार? तोंडाला वास मात्र यायचा. जेवताना मी शेजारी बसायचो. भिंत दोघांनीही धरली. बाटली एकानेच धरली. त्यांना खोटी माफी देणार नाही, आणि त्यांची शिक्षा मी भोगणार नाही.

वाचनालयात जाऊन बाण पूर्ववत केले. सही शाईची होती, ती राहिली.

उत्तराची वाट बघतो. लोभाचं नंतर बघू.
दादा


ता. २९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी मोठ्याने वाचली. हे खाली मान घालून ऐकत होते. शिडी धरायला स्वतः उभे राहतो म्हणाले. वर चढण्याआधी तोंड हुंगायची तुझी परवानगी आहे का, तेवढं विचारलंय.

ज्याच्यावर ठेवायला नको होता त्याच्यावर मी विश्वास ठेवला आणि तुझ्यावर ठेवायचा तेव्हा हात आखडता घेतला. चुकलं माझं.

स्टिकरवाल्याला नाही म्हणून कळवलं. बाईंनी परवानगी दिली की ये. भाचीने काच पुसून ठेवली आहे, कोणाला बोट लावू देत नाही. तू आतून लिही, मी रस्त्यावर उभी राहून वाचीन.

विश्वास परत पाठवते आहे. जपून ठेवावा.
तुझी धाकटी