वेडीच कायम ठेवणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक (श्री. हेमंत कोलते),
सायंछाया वृद्धनिवास,
बाग सेवनिया, भोपाळ.

अर्जदार : श्रीमती शशिकला विश्वास भुसारी, वय ७८, स्मृती कक्ष, तळमजला, खिडकीकडची खाट.

विषय : येत्या सोमवारी ठेवलेली अर्जदाराच्या स्मृतीची फेरतपासणी रद्द करून तिला वेडीच कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : फेरतपासणी व्हावी म्हणून अर्जदारानेच केलेले तीन अर्ज (तिन्हींना उत्तर नाही).

महोदय,

१. विषय वाचून आपण "मावशींचं आज जास्त झालंय" असे म्हणाल व हा अर्जही आधीच्या तीन अर्जांशेजारी ठेवून द्याल. तसे करू नये. अर्जदार आपल्याला आपण अर्ध्या चड्डीत होतात तेव्हापासून ओळखते. कारखान्याच्या वसाहतीत आपले व तिचे क्वार्टर समोरासमोर होते. एशियाडच्या वर्षी अर्जदाराच्या घरी रंगीत टीव्ही आला, सगळी लाइन सतरंजीवर बसून सामने पाहत असे, आणि ऐन हॉकीच्या दिवशी गच्चीवरचा अँटेना कोणी मोडला ते अर्जदाराने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले होते. मार मात्र अर्जदाराच्या मुलाने, चिन्मयने खाल्ला. अर्जदाराने आजवर ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, आपल्या मातोश्रींना, सरोजलाही नाही. अर्जदार गप्प राहू शकते, एवढेच यातून ध्यानात घ्यावे.

२. जानेवारी महिन्यात होशंगाबाद रोडवरच्या मैदानात 'उद्याचे घर' नावाचे यंत्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. "आई, चल, तुला भिंतीएवढा टीव्ही दाखवतो," असे म्हणून अर्जदाराचा एकुलता एक मुलगा चिन्मय व सून मृणाल तिला तेथे घेऊन गेले. अर्जदाराला प्रदर्शनांची जुनी हौस. तिचे यजमान होते तेव्हा शहरात भरलेले एकही प्रदर्शन दोघांनी सोडले नाही. घ्यायचे काही नसे. मिक्सर फिरताना पाहायचा, फुकटचे कॅलेंडर घ्यायचे, पोहे-जलेबी खाऊन घरी यायचे. एकदा मिक्सरवाल्याने पाट्यावरवंट्याची टिंगल केली, तेव्हा यजमान त्याला म्हणाले होते, "आमच्याकडचा पाटा लाइट गेल्यावर बंद पडत नाही." सगळा मंडप हसला होता. त्या हसण्याच्या आशेने अर्जदार ठेवणीतली नारायणपेठ नेसून निघाली.

३. दारातच चिन्मयने तिचे आधार कार्ड दाखवून नावाची पट्टी तिच्या गळ्यात अडकवली. आत भिंतीएवढे टीव्ही होते, दूध संपले की आपणच मागवणारे फ्रीज होते, केर काढत काढत माणसाच्या पायात येणाऱ्या तबकड्या होत्या. चिन्मयने एकाकडेही ढुंकून पाहिले नाही. जो मुलगा लहानपणी दुकानाच्या काचेला नाक लावून साधी इस्त्रीसुद्धा पाहत उभा राहायचा, तो त्या सगळ्यामधून आईचा दंड धरून नाकासमोर चालत गेला. तेव्हाच ओळखायला हवे होते. अर्जदाराला वाटले, मुलगा मोठा झाला.

४. तो ज्या दुकानासमोर थांबला तेथे घागरीएवढे, दोन गोल डोळ्यांचे एक बोलके यंत्र ठेवलेले होते. म्हाताऱ्यांची स्मृती तपासणे हे त्याचे काम. पुण्याहून आलेली योगिनी नावाची मुलगी म्हणाली, "आजी, हे मराठीतही विचारतं हं." अर्जदार येथेच फसली. पन्नासाहून अधिक वर्षे भोपाळात काढली, भाजी हिंदीत घेतली, भांडण हिंदीत केले; आणि येथे एक यंत्र चक्क मराठीत म्हणते, "नमस्कार आजी, बसा." अर्जदार बसली. मागे चाळीस-पन्नास माणसे जमली. प्रत्येक प्रश्न व उत्तर वर मोठ्या पडद्यावर उमटत होते.

५. यंत्राने गोड आवाजात विचारले, "शाळेत हजेरीला तुमचं नाव काय घेत?" अर्जदाराने ताठ बसून उत्तर दिले, "सुलभा नारायण पांढरीपांडे." कारण नागपूरच्या महालातल्या शाळेत पांढरीपांडे गुरुजींच्या मुलीला दुसरे काय म्हणणार? शशिकला हे नाव तिला लग्नात मिळाले. ताटात तांदूळ पसरून यजमानांनी अंगठीने लिहिले व सासूने ते वाचून पेढे वाटले. आपल्या घरांतून हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यंत्राजवळ मात्र आधार कार्डावरचे एकच नाव होते. पडद्यावर लाल अक्षरे आली : स्वतःचे नाव आठवत नाही.

मागची एक बाई कळवळून म्हणाली, "हाय राम, अपना नाम ही भूल गईं बेचारी!"

योगिनी म्हणाली, "रिलॅक्स आजी, यात चूक-बरोबर असं काही नसतं."

६. पुढचा प्रश्न यजमानांच्या नावाचा. अर्जदार ते नाव कागदावर लिहिते, तोंडाने घेत नाही. 'अहो' आणि 'हे' यांवर तिचा सगळा संसार झाला. ते गेल्यावर तर प्रसंगच आला नव्हता. तिने पदर सावरला. यंत्राने पुन्हा विचारले. मागून "बोलिए अम्माजी, बोलिए" सुरू झाले. तेव्हा तिने ज्या एका रीतीने ते नाव घेता येते त्या रीतीने घेतले :

मोठ्या तलावाच्या काठी फुलला पळस,
विश्वासरावांच्या संसाराला माझ्या हातांचा कळस.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंत्राने लिहिले : उत्तर असंबद्ध.

७. या ठिकाणी चिन्मयने एकच वाक्य बोलायचे होते : "लग्नात आईचं नाव बदललं." त्याची नागपूरची आजी मरेपर्यंत अर्जदाराला त्याच्यादेखत 'सुलू' म्हणत असे, आणि हा लहानपणी तिची नक्कल करून आईला "सुलू, लाडू दे" म्हणायचा. अर्जदाराने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. तो योगिनीला म्हणाला, "घरी पण असंच करते." मृणालने एका हाताने डोळे पुसले व दुसऱ्या हाताने मोबाइलवर चित्रण चालू ठेवले. यंत्र म्हणाले, "घाबरू नका आजी. आता तुमचे निर्णय तुमची माणसं घेतील." शेजारच्या टेबलावर बसलेल्या डॉक्टरने मान वर न करता प्रमाणपत्रावर सही केली : स्मृतिभ्रंश, मध्यम ते तीव्र. सोबत मिक्सरवर सूट मिळण्याचे कूपन दिले.

८. हे रविवारी घडले. बुधवारी "घरपट्टीचं एक काम आहे" असे सांगून चिन्मयने अर्जदाराला नोंदणी कार्यालयात नेले. तेथील कारकुनाने विचारले, "माताजी, आपका नाम?" अर्जदाराने खणखणीत सांगितले, "शशिकला विश्वास भुसारी." पतीचे नाव त्याने कागदावरून वाचले, तिने मान हलवली. फोटो निघाला, तिने दाखवतील तेथे सह्या केल्या. मुलाने पुढे केलेला कागद आईने वाचायचा असतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. अशा रीतीने साकेत नगरचे घर, जे यजमानांनी भविष्यनिर्वाह निधी काढून बांधले व जेथे त्यांनी शेवटचा श्वास घेतला, ते अर्जदाराने मुलास स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत दान केले. गुरुवारी "घराला रंग लावतोय, आठ दिवस राहा" म्हणून तिला आपल्याकडे आणले व ते प्रमाणपत्र दाखवून कुलपाच्या कक्षात ठेवले. घर हवे म्हणून बुधवारी शहाणी, अडगळ नको म्हणून गुरुवारी वेडी. रंगाचा डबा अद्याप उघडलेला नाही.

९. वेड्यांच्या कक्षात शहाण्या माणसाचे काय होते ते आपल्या माहितीसाठी नमूद करते. आमटी अळणी आहे म्हटले की आया वहीत लिहिते : चव ओळखत नाही. घरी जायचे म्हटले की लिहिते : संध्याकाळची बेचैनी. अर्जदाराने आपले तीन अर्ज लिहिले तेव्हा वहीत आले : सतत काहीतरी लिहीत असतात. शेवटी ती गप्प बसली, तर : आज प्रकृतीत सुधारणा.

१०. तीन अर्जांनी जे झाले नाही ते गेल्या आठवड्यात चिन्मयच्या एका फोनने झाले. फेरतपासणी मंजूर! मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर स्वतः येणार! अर्जदाराला नवल वाटले. गेल्या रविवारी चिन्मय भेटीला आला तेव्हा उलगडा झाला. मृणालने ते चित्रण "सासूबाईंसाठी प्रार्थना करा" असे लिहून सगळ्यांना पाठवले होते. हजारोंनी पाहिले, हात जोडले. त्यात चिन्मयने घर विकायला ठरवलेले गिऱ्हाईकही होते. त्याचा वकील म्हणाला, जी बाई रविवारी स्वतःचे नाव विसरते तिचे बुधवारचे दानपत्र कोण ग्राह्य धरील? आधी म्हातारी शहाणी आहे असे लिहून आणा.

चिन्मय फुटाण्याची पुडी घेऊन खाटेवर बसला. "आई, पुढच्या सोमवारी डॉक्टर येतील. एकदा नीट बोल त्यांच्याशी. मग तुला लगेच घरी नेतो."

अर्जदाराने पुडी घेतली, दोन फुटाणे तोंडात टाकले व विचारले, "आपण कोण?"

"आई, नाटक नको करू."

"आपण फार चांगले आहात. कोणाकडे आलात?"

"तुला सगळं आठवतं! मला माहितीये, तुला सगळं आठवतं!" तो ओरडला. आया धावत आली व म्हणाली, "साहब, चिल्लाइए मत, ये बीमार हैं।" आपणच फेकलेला चेंडू परत येऊन डोक्यात बसावा तसा तो उभा राहिला. अर्जदाराने या मुलाला तापात मांडीवर घेऊन रात्री काढल्या आहेत. त्याचा पडलेला चेहरा पाहून तिला त्याची दया आली नाही. येईल असे तिला वाटले होते.

११. शेजारच्या खाटेवरील श्रीमती मंजूषा दाणी या जिल्हा न्यायालयातील जुन्या वकील आहेत. सकाळचा चहा घेतल्याचे त्यांना दुपारी आठवत नाही, परंतु कायदा त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा आहे. त्यांनी अर्जदाराला सल्ला दिला, व दिल्याचे विसरून रोज पुन्हा दिला, त्यामुळे तो पक्का पाठ झाला. त्या म्हणतात, "बाई, दान शहाणी करते. वेडीची सही म्हणजे पाटीवरची रेघ, पुसली की गेली. तू कोण, ते तू ठरव."

अर्जदाराने ठरवण्यास तीन दिवस घेतले. ती शहाणी ठरली तर दार उघडेल, पण त्या दाराबाहेर घर नाही. मुलाच्या मेहेरबानीची मागची खोली आहे, तीही घर विकेपर्यंत. ती वेडी ठरली तर दानपत्र पडेल, घर तिच्याच नावावर राहील, आणि तिला ते पुन्हा कधी दिसणार नाही. तुळशीवृंदावन, यजमानांची आरामखुर्ची, गच्चीवरून दिसणारा पिंपळ, काही नाही. घराला कुलूप, अर्जदाराला कुलूप. दोन रात्री ती रडली (वहीत नोंद आहे). तिसऱ्या दिवशी चिन्मयचे ते वाक्य आठवले, "घरी पण असंच करते," आणि डोळे कोरडे झाले.

१२. तरी विनंती की,

(अ) सोमवारची फेरतपासणी रद्द व्हावी. रद्द करणे आपल्या अधिकारात नसल्यास डॉक्टरांना अवश्य येऊ द्यावे. अर्जदार त्यांना नाव, गाव, वार, वर्ष यांपैकी काहीही सांगणार नाही. आयांच्या वहीतून तिने पुष्कळ लक्षणे शिकून घेतली आहेत.

(ब) प्रदर्शनातील प्रमाणपत्र व आपल्याकडील भरतीची नोंद, दोन्हींच्या तारखांसह, यांच्या साक्षांकित प्रती अर्जदाराची नागपूरची भाची विनिता हिला द्याव्यात. वेडीच्या वतीने दावा तीच लावणार आहे.

(क) चिन्मय भुसारी नावाच्या इसमास भेटीची मनाई करू नये. दर रविवारी यावे, फुटाणे आणावे. अर्जदार त्याला दर रविवारी प्रथमच भेटेल.

(ड) हा अर्ज दप्तरी लावू नये. लावल्यास वेडीने लिहिलेला म्हणून लावावा.

१३. चिन्मय म्हणेल, शेवटी घर मलाच मिळणार, आई काय अमरपट्टा घेऊन आली आहे? ते खरे आहे. आईच्या मागे वारस तोच. परंतु पांढरीपांड्यांच्या घरात बायका लवकर मरत नाहीत. अर्जदाराची आई शहाण्णवाव्या वर्षी स्वतःच्या दातांनी सुपारी फोडत होती, मावशी त्याहून पुढे गेली. चिन्मय आज बावन्न वर्षांचा असून त्याला रक्तदाब व साखर दोन्ही आहेत. म्हणून अर्जदाराची अखेरची व सर्वांत निकडीची विनंती अशी की, तिला रात्री एक पेला दूध, सकाळी उन्हात बसणे व हाडांच्या गोळ्या नियमाने मिळाव्यात. तिला फार दिवस जगायचे आहे.

आपल्या कुलपाआड सुखाने नांदू इच्छिणारी,

शशिकला विश्वास भुसारी
बाग सेवनिया, भोपाळ.
दि. १२ मार्च २०२६

सोबत : १) प्रमाणपत्राची झेरॉक्स
२) विनिताचा पत्ता व फोन नंबर
३) मिक्सरचे कूपन (अर्जदारास उपयोग नाही, आपल्या घरी लागल्यास ठेवावे)